कापलेल्या खोडांवरचा लेप

मला लिहिण्याची सवय नाही. घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच, आणि नोकरीभर लिहिलं ते पंचनामे आणि केस डायरी. म्हणून संकोच वाटतो. चुकलं तर सांभाळून घ्यावं. पण शेंदूरजनाघाटकडची ती संत्र्याची बाग अजून डोळ्यांपुढून हलत नाही. नावं मुद्दाम टाळली आहेत.

पाडवा तोंडावर आला होता. सकाळीच एक बागवाला ठाण्यात आला. रात्रीतून कुणीतरी त्याची ऐन भरातली झाडं कमरेच्या उंचीवर कापली होती. आम्ही पंचनामा केला तेव्हा खोडं ओलीच होती. शेजारच्या शेतात राहणाऱ्या त्याच्या मोठ्या भावाने आम्हाला चहा आणून दिला. झाडांकडे मात्र त्याने पाहिलं नाही.

दुपारी खबऱ्याचा फोन आला. याच बागवाल्याशी भांडून नुकताच काम सोडलेला सालदार, म्हणजे वर्षाच्या बोलीवर राबणारा गडी, आदल्या संध्याकाळी कुऱ्हाड घेऊन बांधावरून जाताना दिसला होता. त्याला चौकशीला आणलं.

"कुऱ्हाड कशाला नेली होती?"

"सरपनाले, साहेब. कुऱ्हाड घेऊन मानूस लग्नाले थोडीच जाते!"

हवालदाराने हसू दाबलं. सालदाराचा आवाज मात्र लगेच उतरला. "पाडव्याले नवं साल ठरते, साहेब. ठाण्यातून आलेला गडी कोन ठेवते? लेकरायले काय खाऊ घालू?"

बागवाला दारातूनच ओरडला, "बोलत कावून नाही बे? दोन द्या त्याले साहेब, मंग पाहा कसा बोलते!"

दोन दिल्याने उत्तर मिळतं. ते खरं असेलच असं नाही. मी सालदाराला बसवून ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा बागेत गेलो.

काल उघड्या असलेल्या खोडांवर आज मोरचूद-चुन्याचा निळसर लेप होता. फांदी छाटली की जखम सडू नये म्हणून बागवाले तो लावतात. मालकाला विचारलं.

"मी कायले लावू? पंचनामा झाल्यावर काल रातीपर्यंत तं तुमच्याच ठाण्यात बसून होतो."

सालदार तर आमच्याच ताब्यात होता. कडेची एक ओळ लेपाविना राहिली होती. काम अर्धवट टाकून गेलेला माणूस परत येणार, हे उघड होतं.

त्याच्या पुढच्या पहाटे हवालदार आणि मी बागेतल्या झोपडीत दबा धरून बसलो. उजाडता उजाडता बादली आणि ब्रश घेऊन एकजण आला. तो मोठा भाऊ होता. मी समोर जाऊन उभा राहिलो, तरी हातातलं खोड पूर्ण करूनच त्याने मान वर केली.

"वाटनीत बाग त्याले गेली, साहेब. कलमं म्या लावली, कावडीनं पानी म्या घातलं. त्या रात्री डोकं फिरलं. मंग वाटलं, झाडं सडतीन."

"सालदार ठाण्यात बसलाय, माहीत होतं?"

"हो."

"मग?"

त्याने ब्रश बादलीत ठेवला. "झाडं माह्या हातची होती, साहेब."

आपली कुऱ्हाड त्यानेच घरातून काढून दिली. पंचांसमोर जप्त केली आणि सालदाराला सोडलं.

रागाच्या भरात माणूस काय करतो, त्यावरून त्याला जोखणं मी तेव्हापासून सोडलं. राग उतरल्यावर तो कोणाची जखम बांधायला धावतो आणि कोणाची उघडी ठेवतो, तेवढं बघू लागलो.

सालदार निर्दोष असल्याचं मी गावात पोलीस पाटलाकरवी कळवलं. तरी त्या पाडव्याला त्याला कुणी ठेवलं नाही. तो बायको-लेकरं घेऊन तेल्हाऱ्याकडे कपाशीच्या कामाला गेला. पुढे माझी बदली झाली, मग निवृत्ती.

आता मी अकोल्याला असतो; गेल्या महिन्यात त्याच हवालदाराचा मला फोन आला. यंदाच्या पाडव्याला मोठा भाऊ तेल्हाऱ्याला गेला होता. सालदाराच्या दारात, शेजाऱ्यांदेखत म्हणाला, "तू ठाण्यात होता तवा मले समदं मालूम होतं. मी गप्प राह्यलो. चाल परत, माह्याकडे राह्य, साल तू म्हनशीन ते."

सालदार परत गेला नाही. त्याने खाट टाकली, पाणी दिलं, आणि पाहुणा निघाला तेव्हा एवढंच विचारलं, "झाडं जगली का, भाऊ?"