अंगठ्यावर फुली

"मावशी, जरा अंगठा द्या," मॅडम म्हणाल्या.

मी पोळ्या लाटत होते. हात पुसून बाहेर आले. टेबलावर मोठा पांढरा कागद, शेजारी स्टॅम्पपॅड. त्यांच्या मुलीचं शाळेचं प्रोजेक्ट होतं, ब्राझील देशातल्या १९५० सालच्या निवडणुकीवर. माझा अंगठा कशाला, मी विचारलं.

मुलगी म्हणाली, "पीपल हू कुडन्ट रीड, कुडन्ट व्होट."

"तिथे अडाण्यांना मत नव्हतं," मॅडमनी मला सांगितलं. "आपल्या घरात अडाणी तुम्हीच ना, म्हणून." आणि हसल्या.

मी डावा अंगठा दिला. इथे आखातात, अल नहदातल्या या फ्लॅटमध्ये सहा वर्षं जे मागतील ते देत आलेय. मुलीने माझ्या अंगठ्याच्या ठशावर लाल स्केचपेनने फुली मारली. साहेब लॅपटॉपमधून मान वर न करता म्हणाले, "रूल करेक्टच होता. इंडियात पण पाहिजे."

तव्यावरची पोळी करपली. मला राग आलेला उशिरा कळतो. त्या दिवशी नुसती दुसरी पोळी लाटायला घेतली. महाडजवळच्या आमच्या गावात मी मत दिलंय. शाळेच्या खोलीत, रांगेत, सरपंचांच्या सुनेच्या पुढे उभी राहून. रजिस्टरवर हाच अंगठा उठवून. वाचता येतं का, असं कुणी विचारलं नाही. आयुष्यात तेवढी एकच रांग, जिथे मला कुणी मागे सरक म्हणालं नाही.

आठवड्याने कागद शाळेतून परत आला. शाई पसरली होती, टीचरने नवीन मागितला होता.

"मावशी, परत एकदा. यल्ला, चला लवकर." स्टॅम्पपॅड पुढे आलं.

"नाही देणार."

साहेबांनी आता मान वर केली. "तुमचा व्हिसा माझ्या नावावर आहे, मावशी. लक्षात आहे ना?"

लक्षात होतं. गावी माझ्या मुलीचं नर्सिंगचं शेवटचं वर्ष चालू आहे.

"आहे लक्षात. पण फुली मारायला तुमचा अंगठा घ्या."

"एवढं काय त्यात? जस्ट प्रोजेक्ट आहे," मॅडम म्हणाल्या. मला त्यांना समजावत बसायचं नव्हतं. मी आत जाऊन कणीक मळायला घेतली.

व्हिसा डिसेंबरात संपतो. साहेब वाढवतील, न वाढवतील. मला अजून वाचता येत नाही. शिकले तर माझ्यासाठी शिकेन, मताचा हक्क मिळवायला नाही. तो माझा आहेच. पुढच्या निवडणुकीला नोकरी असो नसो, मी गावात असेन. रांगेत उभी राहीन. रजिस्टरवर अंगठा उठवीन. डावा. हाच.