भोंगा वाजला, चोर कुठाय?

भोंग्यांचे किस्से मी काही जमवले नाहीत यार, तेच माझ्या मागे लागले. जेवायला बसलो की कोणाच्या तरी घरी ट्यँव ट्यँव सुरू, की मला बोलावणं!

नोएडा तेव्हा नवीन वसत होतं. दिल्लीतल्या सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमधून रिटायर झालेली आपली मराठी मंडळी तिथं फ्लॅट घेऊन आली. नवा रंगीत टीव्ही, नवा फ्रिज, आणि चोराची धास्ती! आमच्या दुकानाच्या मालकांनी, गुलाटीसाहेबांनी, अख्ख्या सोसायटीला चोर-अलार्म विकले. बसवायचे मी, शिव्या खायच्या पण मी!

सेक्रेटरी जोशीकाकांनी दमच भरला, "तक्रारी थांबल्या नाहीत, तर सगळे भोंगे काढून दुकानात फेकीन!"

साहेब मला म्हणाले, "अलार्म वापस आए, तो तू भी घर जा."

घरात कमावणारा मी एकटा.

*

पहिली कटकट लाइटची. लाइट गेली की सगळे गप्प. आली की सगळ्या बिल्डिंगचे भोंगे एकदम!

जोशीकाका बनियनवर खाली आले. "काय रे, तुझा चोर लाइट घेऊन येतो का?"

*

मग त्यांच्याच घरी वाजला. बघतो तर अलार्मच्या हालचाल टिपणाऱ्या डोळ्यावर पाल बसलेली!

"एवढीशी पाल याला चोर वाटते?"

म्हटलं, "काका, इतक्या जवळून बघितलं तर तुम्ही पण चोरच दिसता!"

चहा राहिला. पाणी पण नाही दिलं!

*

गणपतीत तर कहर. एका घरी काच फुटली की वाजणारा अलार्म होता. आरतीत झांजा कडाडल्या, त्याला वाटलं खिडकी फुटली! लोकांना वाटलं कोणी शंख फुंकतंय, ते अजून जोरात गायला लागले!

चौकीतला हवालदार धापा टाकत आला. "चोर कहाँ है?"

"पहले प्रसाद लीजिए," वहिनींनी हातावर चार मोदक ठेवले.

दुसऱ्या दिवशी आरतीच्या टायमाला चौकीतून फोन, "क्यों जी, आज अलार्म नहीं बजा?"

*

तळमजल्यावरच्या लिमयेकाकू एकट्या राहायच्या. आत गेलं की कोड दाबायचा, तो त्यांना आठवायचा नाही. रोज भोंगा! मी म्हटलं, कुठंतरी लिहून ठेवा.

लिहिला ना. खडूनं, दारावर, बाहेरच्या बाजूला!

"अहो काकू, बाहेर?"

"मग? आत गेल्यावर वाचायला वेळ कुठं असतो!"

पुसायला दोन ओली फडकी लागली.

*

नंतर आठ दिवस बिल्कुल शांत. मला वाटलं, वाचली नोकरी. तेवढ्यात दुपारी दुकानात फोन. लिमयेकाकू! साहेब समोरच बसलेले.

"काकू, परत वाजला?"

"वाजला तर! पण आज तक्रार नाही हो. तुमचा माणूस लगेच आला. मागच्या दारानं आला बिचारा. वायर कापली, आवाज बंद! किती सभ्य, चपला बाहेर काढल्या."

मी फोन साहेबांच्या कानाला लावला. काकू परत तक्रार नाही म्हणताच साहेब पहिल्यांदा हसले. माझी पाठ थोपटली.

पण दुकानात माणूस तर मी एकटाच! फोन परत ओढला. "काकू, कोणता माणूस?"

"तोच हो. टीव्ही दुरुस्तीला घेऊन गेला. फ्रिजसाठी टेम्पो आणतो म्हणाला. चहा ठेवलाय मी त्याच्यासाठी!"