सिनेमातल्या शंकरचा पत्ता

सिनेमावाल्या मंडळींनो, सिनेमांवर लिहून एकमेकांकडे फिरवतो तो आपला हा कागद या वेळी घरात ठेवून घेऊ नका. वाचा आणि लगेच पुढच्याकडे द्या.

आज दुपारी खोपोलीत चहा पिताना मी आणि नामदेव नेहमीसारखे भांडत होतो. तंबूतला नवा सिनेमा मला आवडला, त्याला मागचाच बरा वाटतो.

"ह्यात नुसती गाणी हायेत," तो म्हणाला. "मागच्यात शंकर पूल उडवतो, तसं काय हाय का रं यात?"

शेजारच्या बाकावरचा माणूस उठून आमच्यासमोर येऊन बसला. अंगात साधा सदरा, पण पायात पोलिसी बूट. सध्या आपल्याकडे इंग्रज सरकारविरुद्धच्या चळवळीत विजेचे खांब कसे पाडले जाताहेत, ते तुम्हाला ठाऊकच आहे.

"हा शंकर राहतो कुठं?"

नामदेव कसाबसा म्हणाला, "सायेब, तो खरा नाय. सिनेमातला हाय."

"सगळे असंच सांगतात," म्हणत तो स्टेशनकडे निघून गेला.

आपल्यातला शंकर भिवपुरीच्या पॉवर हाऊसमध्ये कामाला आहे. त्याच्यापर्यंत आधी कोण पोचणार, हा कागद की तो माणूस?