एकच भाची, दोन घरांत मोजलेली

पहिलं बाळंतपण माहेरी झालं, तर ते मूल कुठल्या घरचं धरायचं? आमच्या घरातली मी पहिलीच पदवीधर, तीही संख्याशास्त्राची... पण याचं उत्तर मला येत नाही.

गेल्या आठवड्यात हा प्रश्न आमच्या शाळेच्या ओट्यावर निघाला. राहात्याजवळचं आमचं गाव आणि कालव्यापलीकडचं गाव, दोन्हींत मिळून शाळा एकच आणि खोलीही एकच. जागा पुरेनाशी झाली की आधी मुलींना घरी बसवतात, आणि ते मला बघवत नाही.

पंचायत समितीकडे नव्या खोल्या मागायच्या तर आकडे हवेत, म्हणून मी पुण्याला माझ्या कॉलेजच्या सरांकडे एक प्रोग्रॅम मागितला. गावात कुठल्या वयाच्या किती बायका, त्यांना किती मुली होतात, त्यातल्या किती जगतात... हे एका चौकोनी तक्त्यात भरायचं आणि कार्डांना भोकं पाडून खोलीएवढ्या कॉम्प्युटरला द्यायचं. तो त्या तक्त्याने गुणत गुणत पाच-पाच वर्षं पुढचं गाव दाखवतो.

माहितीसाठी मी दोन्ही गावं पायी फिरले. प्रत्येक घरी साधा प्रश्न... गेल्या पाच वर्षांत तुमच्याकडे किती मुली झाल्या? सगळ्यांनी आनंदाने सांगितलं.

निकालाचा कागद आला तो धोतरासारखा लांब. आमचे सरपंच नाना, त्यांनी तो ओट्यावर पसरला आणि उडू नये म्हणून वर आपल्या वहाणा ठेवल्या. पुढच्या पंधरा वर्षांत चार खोल्या लागणार होत्या. नाना खूश... पण कागदभर बोट फिरवून थांबले.

"यात गडी कुठं हायेत?"

मी समजावलं की हा हिशेब बायकांवरच चालतो, मुलगे मागाहून अंदाजाने घालायचे. मागून एक म्हातारी म्हणाली, "यंत्राला लई कळतंय म्हनायचं."

आई शेजारणीला कौतुकाने सांगत होती की यात आमच्या शकूची लेकसुद्धा आहे. शकू म्हणजे माझी थोरली बहीण, कालव्यापलीकडे दिलेली. नेमक्या तिच्या सासूबाईही तिथेच बसल्या होत्या.

"तुमी कशाला सांगितली विहीणबाई? आमच्या घरची हाय ती. मी सांगितलीया."

"जलमली कुनाच्या घरात? सव्वा महिना शेक-शेगडी कुनी केली?"

"अन् नाव कुनाचं लावनार?"

लोक हसत होते आणि मी मनातल्या मनात घरं मोजायला लागले. आमच्या लेकी पलीकडे दिलेल्या, तिकडच्या आमच्याकडे... आणि पहिलं बाळंतपण माहेरी. म्हणजे अशी प्रत्येक मुलगी मी दोनदा लिहिली होती. एका आजीने 'आमच्याकडे झाली' म्हणून सांगितली, दुसरीने 'आमची' म्हणून. खोटं कुणीच बोललं नव्हतं... आणि यंत्राने बिचाऱ्याने त्या नसलेल्या पोरींना मोठं करून त्यांनाही लेकी दिल्या होत्या.

मी पुन्हा घरोघर फिरले. मागणी द्यायची मुदत जवळ आलेली, पुण्याला जायला वेळ नव्हता, गुणाकार हातानेच केले. मुलं सासरी धरली, कारण कुठेतरी धरायलाच हवी होती. खोल्या आल्या दोन. शकूची लेक आमच्या घरातून खोडली तेव्हापासून आई माझ्याशी कामापुरतंच बोलते आहे.

काल संध्याकाळी नाना घरी आले. माझा नवा हिशेब त्यांना पटला होता, तीच तर अडचण होती.

"पोरी, चार मागितल्या की दोन मिळत्यात. दोन मागितल्या तर एक देत्याल. मग पुन्हा कुनाच्या पोरी घरी बसतील, तूच सांग. लांब कागदच राहू दे. उद्या मी कोपरगावला समितीत घेऊन जातो."

नानांचं सगळंच चूक आहे असं मला म्हणता येईना. पण मुलींना शाळेत बसवण्यासाठी नसलेल्या मुली दाखवायच्या, हे माझ्याने होणार नव्हतं.

मी सांगितलं की नाना, तुम्ही जाऊ नका... सकाळच्या एसटीने मी स्वतः पंचायत समितीत दोन खोल्यांचा कागद देऊन आले आहे.

नानांनी कपाळाला हात लावला. मग मी त्यांना कागदाखाली लिहिलेली जास्तीची ओळ म्हणून दाखवली... 'हा आकडा वाढवून मागितलेला नाही, तरी कृपया निम्मा करू नये.'