उडवण्याआधी बोलायचं असतं

"थे पोरगी बोलत नाई ना काही, म्हून डरोन शिकून राह्यली. डरोन काही उलटून विचारत नाई."

वाक्य खिडकीतून आत आलं. बाहेर ओट्यावर आमच्या बॅचचे लोक चहा पीत होते आणि आत वर्गात मी एकटीच हवामानाचा धडा उघडून बसले होते. बोलणारे काका आष्टीकडचे शेतकरी, आमच्यात वयाने सगळ्यांत मोठे. बाहेर सगळे हसले. आत मीही हसले, आवाज न करता. त्यांचं निदान अगदी बरोबर होतं.

मी ड्रोन निवडला तो खरोखर त्याचसाठी. पदवी झाली तेव्हा माझ्यासाठी एक नोकरी जवळजवळ ठरलीच होती. पुण्याला, मामांच्या ओळखीतून, कानाला हेडफोन लावून दिवसभर अनोळखी लोकांच्या तक्रारी ऐकायच्या. इंग्रजी शाळेत घातलं त्याचं चीज होईल, असं आईला वाटत होतं. माझं इंग्रजी चांगलं आहे, हिंदी चांगली आहे, मराठीही बरी आहे. पण खरं सांगायचं तर मी या तिन्ही भाषांत गप्प बसते.

त्याच सुमारास बाबा ड्रोन घ्यायचा विचार करत होते. सिंदी मेघेत आमचं कृषी केंद्र आहे. फवारणीला माणूस मिळत नाही, ही तक्रार दुकानात दर दुसरं गिऱ्हाईक करायचं. ड्रोन घेतला तर भाड्याने फवारणी करून देता येईल, पण त्याला परवाना असलेला चालक हवा. मी जेवताना ताटातल्या भाजीकडे बघत म्हटलं की मी शिकते. माझ्या डोळ्यांसमोर चित्र होतं: मोकळं वावर, हातात रिमोट, नजर आभाळात, आणि मैलभर कोणी बोलायला नाही. बाबा म्हणाले, एकदा बस परीक्षेला. नाही जमलं तर मामाला फोन करू.

अभ्यास मी दुकानातच केला, काउंटरच्या मागे, बियाण्यांच्या पाकिटांच्या आणि कीटकनाशकांच्या वासात. नकाशावरच्या लाल क्षेत्रात उडवायचं नाही, पिवळ्यात परवानगी घ्यायची, हिरव्यात ठरलेल्या उंचीपर्यंत मोकळीक. यंत्र डोळ्यांआड होऊ द्यायचं नाही. फुगलेली बॅटरी कितीही प्रिय असली तरी लावायची नाही. पाठांतराची मला सवय होती, त्यामुळे हे सगळं झरझर गेलं. अडचण एकच, बाबांचा अभिमान. कोणी गिऱ्हाईक माझ्या पुस्तकात डोकावलं की ते वजन करता करता म्हणायचे, "पायलट होऊन राह्यली." मग गिऱ्हाईक मला वरपासून खालपर्यंत बघायचं. समुद्रपूरच्या एका आजोबांनी तर नागपूरहून मुंबईला न्यायचे किती घेशील, अशी चौकशी केली. मी मान खाली घालून वाऱ्याच्या वेगाचा तक्ता वाचत राहिले. बाबांनी त्यांना सांगितलं की यात माणूस बसत नाही, औषध बसतं. आजोबांचा माझ्यातला रस तिथेच संपला.

माझा हिशेब चुकला तो वर्गात गेल्यावर. लेखी परीक्षेची मला भीती नव्हती. पण आमचे सर, नागपूरचे, गोल चेहऱ्याचे आणि फळ्याला पाठ लावून बोलणारे, पहिल्याच प्रात्यक्षिकाला म्हणाले की ड्रोन उडवण्याआधी बोलायचं असतं. म्हणजे यंत्राभोवती फिरून एकेक गोष्ट तपासायची आणि ती मोठ्याने म्हणायची. ड्रोनचे हात लॉक आहेत. पंखे घट्ट आहेत. बॅटरी बसली आहे. टाकीचं झाकण बंद आहे. आजूबाजूला माणूस नाही. मग रिमोटपाशी येऊन पुन्हा मोठ्याने सांगायचं की आता मोटर सुरू करते आहे. वावरात मदतनीस असतो, मालक असतो, त्याची माणसं असतात, बघे असतात. सगळ्यांना कळलं पाहिजे. परीक्षक धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उभे राहतात आणि त्यांना ऐकू आलं नाही, तर ते तपासलंच नाही असं धरतात.

म्हणजे मी ज्याच्यापासून पळाले होते, ते माझ्या आधी वावरात येऊन उभं होतं.

सरावाच्या वेळी मी सगळं तपासायचे, सगळं म्हणायचे, आणि सर कानामागे तळहात धरून उभे राहायचे. "बेटा, तेरे को सब आता है," ते एकदा म्हणाले. "लेकिन मेरे को कैसे मालूम होगा?" आष्टीचे काका मागून बोलले की मॅडमचं ड्रोनला ऐकू येते, तेवढंच पुष्कळ. पुन्हा सगळे हसले. उडवण्यात मात्र माझी चूक कोणी काढू शकत नव्हतं. चौकोन, आठचा आकडा, ठरल्या ठिकाणी उतरवणं, हे सगळं माझ्या बोटांना आपोआप जमत होतं. सरांनी स्पष्ट सांगितलं की उडवण्यात पास होशील आणि बोलण्यात नापास, आणि बोलणं आधी येतं.

काकांशी माझी गट्टी जमली ती धड्यांमुळे. पुस्तक इंग्रजीत. काका यंत्रात वस्ताद, पण छापील इंग्रजी दिसलं की त्यांना जांभया यायच्या. ते माझ्या शेजारच्या बाकावर येऊन बसले आणि मी त्यांना एकेक परिच्छेद मराठीत सांगू लागले. वर्गात कुजबुजच चालते, त्यामुळे तिथे माझा आवाज पुरायचा. बदल्यात ते घरची संत्री आणायचे, सोलून फोडी पुढे करायचे. दोन-तीन दिवसांत 'मॅडम'ची 'बाई' झाली. आमच्याकडे मुलीला बाई म्हणतात, ते ऐकून बरं वाटलं. खिडकीतून ऐकलेलं वाक्य मी त्यांना कधी सांगितलं नाही. लेखी परीक्षेत आम्ही दोघंही पास झालो आणि त्यांनी त्याचं सगळं श्रेय माझ्या कुजबुजीला देऊन टाकलं.

प्रात्यक्षिकाच्या परीक्षेला आमच्या प्रशिक्षण संस्थेने नवा ड्रोन काढला. कपाशीची उलंगवाडी, म्हणजे शेवटची वेचणी, झालेली, पऱ्हाट्या उपटून वावर मोकळं केलेलं. नवं यंत्र म्हटल्यावर पूजा आलीच. ट्रॅक्टर असो, मोटारसायकल असो, पाण्याची मोटर असो, नारळ फुटल्याशिवाय आमच्याकडे ती चालू होत नाही. काकांनी पिशवीतून हळद-कुंकू काढलं, एका मुलाने नारळ फोडला, आणि सरांनी ड्रोनच्या कॅमेऱ्यावरचं कुंकू रुमालाने हळूच पुसून घेतलं. परीक्षकांनीही खोबऱ्याचा तुकडा खाल्ला. काकांनी मग दोऱ्यात ओवलेलं लिंबू-मिरची पुढे केलं, तेव्हा मात्र सरांनी हात आडवा धरला. यंत्राला काही लटकवायचं नाही, म्हणाले, तुमच्या गाडीला बांधा. काकांनी ते परत खिशात टाकलं, पण त्यांना ते फारसं पटलं नसावं.

परीक्षकांनी नियम सांगितला: ज्याची पाळी आहे त्याच्याशिवाय कोणीही आखलेल्या चौकोनात पाऊल ठेवायचं नाही, ठेवलं तर त्याचीही परीक्षा गेली. निकाल सगळ्यांचा एकदम, शेवटी. काकांची पाळी माझ्या आधी होती. त्यांनी बैलाला हाकारावं तशा आवाजात सगळं म्हटलं आणि यंत्र छान उतरवलं.

मग मी. यंत्राभोवती फिरले, एकेक गोष्ट म्हटली. परीक्षक मान पुढे काढून ऐकत होते, एकदा त्यांनी "फिर से" म्हटलं, मी फिरून म्हटलं. कसंबसं पार पडलं. वळून रिमोटपाशी आले, रिमोट गळ्यात अडकवला आणि वर पाहिलं, तर काका चौकोनात होते.

परीक्षक तेव्हा सरांशी काहीतरी बोलत होते, दोघांची पाठ यंत्राकडे. बाकीचे धुऱ्यावरच, पण चहात गुंतलेले. काका वाकून ड्रोनच्या पायाला दोरा बांधत होते. परीक्षकांचं "फिर से" त्यांनी ऐकलं होतं, हे मला लगेच कळलं. खिशातलं लिंबू त्यांनी माझ्यासाठीच काढलं होतं. बांधून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली, आता काही होत नाही अशी, आणि तिथेच, यंत्राच्या बाजूला, हात जोडून उभे राहिले.

मी काही न बोलता मोटर सुरू केली असती तर आवाजाने काका दोन पावलं मागे सरकले असते, कोणाला काही कळलं नसतं, आणि त्यांचा परवाना त्यांच्या खिशात गेला असता. बोलले तर परीक्षक वळणार, आणि काका आत दिसणार. मला हेही दिसत होतं की दोरा लांब आहे, पंख्याचा वारा तो वर ओढेल, आणि पंख्यात अडकलेला दोरा यंत्र आडवं पाडतो. आडवं पडणार ते कुठे, तर हात जोडून उभ्या असलेल्या माणसावर.

मी पहिल्यांदा बोलले ते फक्त मला ऐकू आलं. काका हसले, त्यांना वाटलं मी देवाचं नाव घेते आहे.

मग मी रिमोट गळ्यातून काढला, जमिनीवर ठेवला आणि म्हटलं, असं की धुऱ्यावरचे सगळे वळले, "काका, थे लिंबू सोडा आन् बाहेर या. तुम्ही तिथं उभे असेपर्यंत मी मोटर सुरू करत नाई."