कोरी बाटली चमकली

एखाद्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं तुम्हाला सांगितलं, तर त्याला खोटं ठरवायला तुम्हाला किती वेळ लागतो? मला दोन मिनिटंसुद्धा लागली नव्हती.

आधीच सांगते — भूत, भानामती, अंगात येणं, यातलं काहीही मी मानत नाही. आजही नाही. माझे वडील, आप्पा, सोलापुरात छोटा छापखाना चालवतात आणि बुवाबाजीविरुद्धची पत्रकं पदरमोड करून छापतात. मी वाचायला शिकले तीच त्या पत्रकांवर. त्यामुळे गूढ अनुभवांच्या या सदरात मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं... पण लिहिणं भाग आहे.

मी एम.एस्सी. करते आणि माझा प्रोजेक्ट समुद्रावर आहे. हसून घ्या, आमची सगळी गल्ली हसते. समुद्रात प्लवक नावाचे बारीक जीव तरंगत असतात. त्यातल्या काही जाती पाणी ढवळलं की निळा उजेड देतात. कोकण किनाऱ्यावर हा उजेड कुठे आणि केव्हा दिसतो, याचा मी नकाशा करतेय. बघणारे तिकडचे मच्छीमार, नोंदी ठेवणारी मी.

आता, माणसाला जे बघायचं असतं ते दिसतं. म्हणून मी एक नियम केला. प्रत्येकाने दोन सारख्या बाटल्या घ्यायच्या. एकीत समुद्राचं पाणी, दुसरीत प्यायचं पाणी उकळून, गार करून, मीठ घालून — ही 'कोरी' बाटली. कुठली कोणती ते घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बुडाला चिठ्ठी लावून ठेवायचं. मग डोक्यावरून जाड चादर घ्यायची, डोळे अंधाराला सरावले की बाटल्या हलवायच्या आणि दिसेल ते सांगायचं. कोरी बाटली चमकली असं कुणी म्हणालं, की नोंद बाद.

रत्नागिरीकडच्या रमाकांतकाकांनी फोनवर नेमकं तेच सांगितलं. दोन्ही बाटल्या चमकल्या!

"काका, बाटल्यांची अदलाबदल झाली असेल."

"दोन्ही चमकल्या म्हणतोय ना गो बाय! अदलाबदल करून काय होणार?"

मुद्दा बिनतोड होता. पण मी ऐकायच्या मूडमध्ये नव्हते. "काका, कल्पना लढवू नका, निरीक्षण करा," असं सुनावलं आणि सगळ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर लिहिलंही — 'रमाकांतकाकांची नोंद बाद.' खाली त्यांच्याच गावच्या पोरांनी हसरे चेहरे टाकले. त्या दिवसापासून काकांनी नोंद पाठवणं बंद केलं. चाळीस वर्षं दर्यावर काढलेला माणूस, आणि मी त्याला गावात खोटारडा ठरवलं होतं.

मग योग्य पद्धत दाखवायला मी ग्रुपवर व्हिडिओ कॉल ठेवला. मार्चमधला रविवार, दुपारचे दोन. पत्र्याचं घर भाजत होतं. सोलापुरात समुद्राचं पाणी कुठून आणणार, म्हणून माझ्या दोन्ही बाटल्या कोऱ्याच. मंगळवेढ्याहून लग्न होऊन आलेली माझी आई फोन धरून उभी.

"नळाला चार दिसांनी पाणी येतंय, आन् ही बाटलीत भरून हलवत बसलीय," ती कॉलवरच्या सगळ्यांना म्हणाली. तिकडून हशा.

मी चादरीत शिरले. घामाच्या धारा... काही मिनिटं थांबले. पहिली बाटली हलवली. अंधार. दुसरी हलवली —

निळा उजेड! बाटलीच्या काचेला घासून एक लाट फिरावी तसा. मंद, पण माझी बोटं दिसण्याइतका.

"ताई, काय दिसतंय?" फोनमधून कुणीतरी विचारलं. त्यांना फक्त चादर दिसत होती.

मी म्हणाले, "काही नाही. अंधार."

कॉल संपला, तरी मी चादरीतच. आई वैतागली. "उकडून मरशील की! काय हाय तितं?" म्हणत तीही आत शिरली. मी बाटली हलवली.

"अगं बया! निळं निळं! आवं, या की हिकडं!"

आप्पाही आत. एका चादरीखाली तिघं घामाघूम माणसं, आणि आई लहान मुलीसारखी "आजून हलव, आजून हलव" करत होती. हळूहळू उजेड विझला. बाहेर आल्यावर आप्पांनी चष्मा पुसला आणि एवढंच विचारलं, "फोनवर तू काय म्हणालीस?"

मी चादरीची घडी घालायला लागले.

"पत्रकात चूक छापली तर आपण काय करतो?"

आमच्याकडे दुरुस्तीचं पत्रक निघतं. तेवढ्याच मोठ्या अक्षरांत, तेवढ्याच प्रतींचं.

मी त्याच संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं — 'माझीही कोरी बाटली चमकली. मी खोटं बोलले. रमाकांतकाकांची नोंद कायम.' काकांचा फोन आला तो हसतच. "मग होडी घेऊन सोलापुरास येऊ काय गो?" दुसऱ्या दिवशी त्यांची नोंद आली.

त्यानंतर मी सगळं तपासलं. चादर सुती, त्यामुळे कापड घासून उडणाऱ्या ठिणग्यांचा प्रश्न नाही. फोन बाहेर होता. पाणी कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं — एकही जीव नाही. पुन्हा कितीतरी वेळा बाटली हलवली, काहीही नाही. माझ्या मॅडमनी सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, "टीप लिही — स्पष्टीकरण नाही." लिहिली. आता माझ्या नकाशावर किनाऱ्याचे सगळे ठिपके आहेत, आणि एक ठिपका पार आत, सोलापुरात. नकाशा बघणारे त्यावर बोट ठेवून हसतात. मीही हसते. पण तो पुसणार नाही.

तुम्हीही आज एक बाटली घ्या. उकळून गार केलेलं पाणी, चमचाभर मीठ, वर जाड चादर. हलवा, आणि जे दिसेल ते या लेखाखाली गावाच्या नावासह लिहा. दिसलं तर दिसलं, नाही तर नाही. फक्त चादरीबाहेर कुणी विचारलं, तर माझ्यासारखं उत्तर देऊ नका.