दुसरा खडा

पोट भरलेलं, पंखा रेंगाळत फिरणारा आणि परीक्षेला अजून सव्वा तास. डुलकी लागायला आणखी काय हवं? ऋजुता वानखडे पुण्यातल्या एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर, परीक्षेच्या खोलीबाहेरच्या बाकावर बसली आहे. चपला बाकाखाली जोडून ठेवलेल्या. मांडीवर इटालियन क्रियापदांचं पुस्तक आणि उजव्या मुठीत कागदाची लहानशी पुडी. पुस्तकातल्या ओळी एकमेकींवर चढायला लागल्या आहेत.

नियमाने चालणारी क्रियापदं तिला कधीच छळत नाहीत. छळतात ती वाकडी. जाणे, येणे, असणे, करणे, सगळी रोजच्या वापरातली. घरात ज्याच्यावाचून पान हलत नाही तोच सगळ्यांत तऱ्हेवाईक असतो, तसलाच हा प्रकार. ऋजुता नागपूरच्या संग्रहालयात भंगलेल्या दगडी मूर्ती दुरुस्त करते. हेच काम शिकवणाऱ्या इटलीतल्या एका शाळेने तिला जागा देऊ केली आहे, अट एकच, ही तोंडी परीक्षा. मागच्या खेपेला ती नापास झाली. आज घसरली तर जागा गेली.

"कोणत्या धातूपासून सुरू करू?" कोणीतरी विचारतं, आणि तो आवाज तिचाच आहे.

"येण्यापासून कर," बाबा म्हणतात.

बाबा तिच्या शेजारीच बसलेले आहेत. पांढरा सदरा, खिशाला एक लाल आणि एक निळं पेन. गुणवंत वानखडे, कारंज्याच्या शाळेत एकतीस वर्षं संस्कृत शिकवलेले आणि चौदा महिन्यांपूर्वी वारलेले. हे ऋजुताला ठाऊक आहे. तरी ती सरकून त्यांना जागा देते, कारण बाक तसा अरुंदच आहे.

"बाबा, तुम्ही इथं कसे?"

"तू आधी धातू चालव. मग सांगतो."

पायाखालची फरशी आता शेणाने सारवलेली आहे. कारंज्याच्या घराचं अंगण, कडेला निंब, दिवेलागणीची वेळ. रोजच्या परवच्याची वेळ.

तिने इटालियनची शिकवणी लावली तेव्हा बाबा सत्तरीला टेकले होते. तिचं पुस्तक त्यांनी चार दिवस उलटंसुलटं केलं आणि निकाल दिला, "भाषा काही वेगळी नाही. धातू चालले की भाषा चालली." मग दोनशे पानी वहीत त्यांनी सगळी वाकडी क्रियापदं देवनागरीत उतरवली, एका पानावर एक, काळ आणि अर्थ लाल शाईत. द्विवचन नाही हे कळल्यावर ते दोन दिवस हळहळत होते. "दोघांसाठी वेगळं रूप नाही, अन् म्हणे प्रेमाची भाषा." ती सुटीत घरी आली की रोज संध्याकाळी बापलेक अंगणात बसून वही म्हणायचे. शेजारच्या कमलताईंनी आठवडाभर कुंपणाशी हात जोडून ते ऐकलं आणि शेवटी विचारलं, "गुरुजी, हे कोण्या देवाचं स्तोत्र हाय?" बाबांनी सांगितलं, "जाणे या देवाचं." कमलताईंचे हात तरीही जोडलेलेच राहिले.

म्हणायची रीत बाबांची स्वतःची होती. पाठशाळेत ते 'तो' पासून धातू चालवायला शिकले होते, म्हणून इटालियनही 'तो' पासूनच. आधी तो, मग तू, आणि मी सगळ्यांत शेवटी. नागपूरच्या शिकवणीतल्या बाई डोक्याला हात लावायच्या. जगभर लोक 'मी' पासून सुरू करतात आणि ही कारंज्याची पोरगी उलटी! ऋजुताने मात्र कधी बदल केला नाही. बाईंच्या कपाळावरच्या आठ्या बघून तिला उलट थोडं ताठ बसावंसं वाटायचं. आमच्यात असंच म्हणतात, असं ती सांगायची.

आणि खडीसाखरेचा डबा. धातू न अडखळता म्हटला की बाबा दोऱ्यासकट एक खडा तोडून हातावर ठेवत. चुकून तसंच पुढे रेटलं तर काही नाही. पण जो मधेच थांबून स्वतःहून म्हणेल, "चुकलं, परत म्हणतो," त्याला दोन. न चुकणाऱ्याला एक आणि चुकणाऱ्याला दोन हा कुठला न्याय, असं गावात पुष्कळांनी विचारलं. बाबांचं उत्तर ठरलेलं. "न चुकणं नशिबानं बी होते. कबूल करणं कमवावं लागते."

"चालव ना," बाबा म्हणतात. "काऊन थांबली?"

ऋजुता सुरू करते. "विएने, वेंगोनो. विएनी, वेनीते. वेंगो, वेनियामो." येतो, येतात, येतोस, येता, येते, येतो. वर्तमानकाळ अंगणातच पार पडतो. भूतकाळ सुरू होतो तेव्हा निंब नाही. संग्रहालयाचं लांब दालन आहे, आणि तिने जोडलेल्या मूर्ती दोन्ही बाजूंना उभ्या राहून ऐकत आहेत. ज्या यक्षीचं नाक तिने सात महिने खपून बसवलं ती तर मान कलती करून ऐकते आहे.

"वेन्ने, वेन्नेरो. वेनिस्ती, वेनिस्ते..."

"हे नाक तू बसवलं?" बाबा यक्षीजवळ वाकून बघतात.

"हो."

"सांधा कुठं हाय?"

"दिसत नाही, बाबा."

ते बोटाने चाचपतात, चष्मा वर करतात, पुन्हा चाचपतात. "नाही दिसत," ते म्हणतात, आणि जिवंतपणी कधी म्हटलं नाही ते यक्षीलाच सांगतात, "पोरीचा हात चांगला हाय."

ऋजुताचा आवाज खणखणीत होतो. भविष्यकाळ लागतो तसा एक दगडी चौक येतो, तिने फक्त चित्रात पाहिलेला. मधोमध कारंजं, त्याभोवती पारवे आणि कापसाने भरलेल्या चार बैलगाड्या. नागपूरच्या पलीकडे कधी न गेलेले बाबा एका गाडीवर बसून पाय हलवत आहेत आणि चौकातल्या लोकांना सांगत आहेत, ही माझी मुलगी, आता संकेतार्थ म्हणणार आहे. लोक टोप्या काढून थांबतात.

संकेतार्थ म्हणजे आलो असतो, आली असतीस. मागच्या खेपेला ती इथेच पडली होती.

"वेर्रेब्बे, वेर्रेब्बेरो. वेर्रेस्ती, वेर्रेस्ते. वेर्रो..."

चुकलं. हे भविष्यकाळातलं रूप. तिला कळतं, आणि परीक्षेत केलं होतं तसंच ती करते, आवाज वाढवून पुढे रेटते. फिनाईलचा वास येतो. चौकातले लोक पांढरे पडदे होऊन लटकतात. अकोल्याच्या इस्पितळातली अकरा नंबरची खाट, खाटेवर बाबा, हाताला सलाईनची नळी. धातू चुकला की व्हायचं तसं बाबांचं एक बोट वर झालेलं आहे.

ही खोली तिला पाठ आहे. याच खोलीत बाबांनी विचारलं होतं, "निकाल?" आणि तिने सांगितलं होतं, "पास झाले, बाबा." बस स्टँडवर फोनवर नापास वाचून ती तशीच आली होती. बाबांनी उशीखालून डबा काढला, तिच्या हातावर दोन खडे ठेवले, आणि तिसऱ्या दिवशी ते गेले. एक खडा तिने त्यांच्यासमोर खाल्ला. दुसरा खाववला नाही आणि टाकवलाही नाही. एक द्यायचा तर दोन का दिले? तापात मोजणं चुकलं असेल, असं ती चौदा महिने स्वतःला सांगते आहे. मुठीतली पुडी त्याच खड्याची.

"चुकले," ती म्हणते. "परत म्हणते."

"धातू, का दुसरं काही?"

"दुसरं." ती मुठीतली पुडी त्यांच्यासमोर धरते. "मी पास झाले नव्हते, बाबा. नापास झाले होते. तुमच्याशी खोटं बोलले."

"माहीत होतं मले," बाबा म्हणतात. दुपारी पाऊस येईल म्हणावं इतक्या सहज.

"कसं?"

"पास झालेलं लेकरू चपला जोडून ठेवते का? फेकून देते अन् धावत येते. तू त्या दिवशी दारात चपला जोडल्या, वरून पायानं सरळ केल्या. मी खाटेवरून पाहून राह्यलो होतो."

ऋजुताला रडू येतं आणि त्यातच हसूही. "मग खडे काऊन दिले? तेही दोन?"

"कबुलीचे दोन असतात. विसरली काय?"

"मी कबूल केलं कुठं होतं?"

"करणार होती. मले तेवढा वेळ नव्हता, म्हणून आगाऊ दिले." बाबा खाटेवर उठून बसतात. छाती पुढे, गावच्या शाळेत झेंडावंदनाला उभे राहत तशी. "एकतीस वर्षांत हजारभर पोरं शिकवली. आगाऊ खडा मी कोणाले दिला नाही. तुले दिला. लेक माही हाय, सांगितल्याशिवाय राहणार नाही, एवढं मले ठाऊक होतं."

खोलीतल्या सगळ्या खाटांवरचे लोक हे ऐकतात. त्यांनी ऐकावं असंच बाबा बोलत आहेत, आणि ऋजुताला आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत आपल्याबद्दलचं बोलणं ऐकून लाजावंसं वाटत नाही.

"आता तो खाऊन टाक," बाबा म्हणतात. "मुंग्या लागतील. अन् संकेतार्थ परत म्हण. आज 'मी' पासून."

"आपल्यात तर 'मी' शेवटी असतो ना, बाबा?"

"रोज असतो. आज परीक्षा तुही हाय. आज आधी तू."

खाट पुन्हा बाक झाली आहे. ऋजुता ताठ बसते. "वेर्रेई," ती म्हणते, आणि तो शब्द गोड लागतो. "वेर्रेस्ती. वेर्रेब्बे..."

"वानखडे! ऋजुता गुणवंत वानखडे!"

पंखा रेंगाळत फिरतो आहे. पुस्तक जमिनीवर पडलं आहे. दाराशी उभ्या असलेल्या बाई यादीवरून वर बघतात. "तुम्हीच ना? चला, बोलावलंय. तोंडात काय आहे? आत खाता येत नाही."

ऋजुता मूठ उघडते. पुडीचा कागद सुटलेला आहे, रिकामा. जीभ गोड आहे, आणि बोटांमध्ये खडीसाखरेतला पांढरा दोरा, ओला, बोटभर.

"संपलं," ती सांगते. "बाबांनी दिलं होतं." आणि दोरा बोटाला गुंडाळून, चपला बाकाखालीच विसरून, ती आत जाते.